बर्गन ते लोफोटेन, शिडाच्या बोटीने: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मी मूळचा मालवणचा, आता नोकरीनिमित्त नॉर्वेतल्या बर्गनमध्ये. इथल्या एका सहकाऱ्याबरोबर भागीत जुनी ३३ फुटी शिडाची बोट घेतली, तेव्हा समुद्र आपल्याला काही नवा नाही असा माझा थाट होता. पहिल्याच आठवड्यात कळलं की मला माहीत असलेला समुद्र गरम होता.

पहिल्या उन्हाळ्यात मी, बायको आणि सहकारी असे तिघं निघालो आणि अर्ध्यातून परत आलो. दुसऱ्या उन्हाळ्यात उत्तर नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवर पोचलो. बोट तीच, माणसं तीच. बदललं ते फक्त सुट्टीचं गणित आणि बोटीतला कोरडेपणा. म्हणून या दोन गोष्टींवर मी जरा जास्तच लिहिणार आहे. शीड कसं चढवायचं, वाऱ्याला बोट कशी लावायची हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. मुंबई बंदरात शिकला असाल किंवा एखादा कोर्स केला असेल, तर तेवढी सुरुवात पुरेशी आहे.

१. आधी रजा मोजा, मग नकाशा उघडा

बर्गन ते लोफोटेन हे अंतर बेटांच्या आडून वळणं घेत गेलात तर सहाशे सागरी मैलांच्या आसपास पडतं. आमच्यासारखी बोट ताशी पाच मैलांनी चालते. दिवसाला चाळीस मैल धरले तर पंधरा दिवस. हे गणित कागदावर इतकं सुबक दिसतं की आम्ही तीन आठवड्यांची रजा टाकली आणि परतीचं विमानही काढून ठेवलं. तिथेच चुकलो.

जितके दिवस चालायचे, जवळजवळ तितकेच दिवस थांबायचे म्हणून धरा. एकेरी प्रवासाला पाच आठवडे ठेवा. जाऊन-येऊन करायचं असेल तर अख्खा उन्हाळा हवा. नाहीतर बोट बोडो (लोफोटेनसमोरचं मुख्य भूमीवरचं बंदर) किंवा लोफोटेनमध्ये हिवाळ्यासाठी ठेवायची व्यवस्था आधीच ठरवा. जूनच्या सुरुवातीला निघणं उत्तम. ऑगस्ट सरता सरता वादळांची वर्दळ वाढते आणि रात्रीही परत येतात.

परतीचं तिकीट मुक्कामाला पोचल्यावर काढा. महाग पडेल, पडू दे.

२. कागदपत्रं

- पासपोर्ट आणि नॉर्वेचा रहिवासी परवाना किंवा शेंगेन व्हिसा. व्हिसावर आलात तर १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा पाळावी लागते, आणि बोट वादळात अडकली ही सबब चालेल असं गृहीत धरू नका.
- बोट चालवण्याचा दाखला. १ जानेवारी १९८० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना इथे ८ मीटरपेक्षा लांब बोटीसाठी किंवा २५ अश्वशक्तीपेक्षा मोठ्या इंजिनासाठी दाखला लागतो. भाड्याने बोट घेणार असाल तर कोणता दाखला चालेल हे कंपनीकडून लेखी मागून घ्या.
- व्हीएचएफ रेडिओ वापरण्याचं प्रमाणपत्र.
- बोटीची नोंदणी आणि विमा.

यातला सापळा विम्यात आहे. बऱ्याच पॉलिसींमध्ये बोट किती अक्षांशापर्यंत नेता येईल याची हद्द बारीक अक्षरांत लिहिलेली असते. आमची हद्द लोफोटेनच्या खालीच संपत होती. फोन करून ती वाढवून घेतली, दहा मिनिटांचं काम.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी आणखी दोन गोष्टी. वाटेत जरा शेटलंडला जाऊन येऊ असं कुणी म्हणालं तर तो ब्रिटन आहे, वेगळा व्हिसा लागतो. आणि पार उत्तरेचा स्वालबार्ड बेटसमूह नॉर्वेचा असला तरी शेंगेनमध्ये नाही. तिथून मुख्य भूमीवर परतायला पुन्हा प्रवेश करता येईल असा व्हिसा हवा.

३. बोट कोरडी करा

थंडीपेक्षा ओल जास्त छळते. बाहेर आठ-दहा अंश, पाणी त्याहून फारसं गरम नाही, आणि आत तीन माणसं श्वास घेतायत, भात शिजतोय. ती सगळी वाफ बोटीच्या थंड भिंतींवर जाऊन बसते. पहाटे कपाळावर टपकन थेंब पडला आणि मला वाटलं छत गळतंय. बॅटरी घेऊन बघतो तर खिडकीच्या अॅल्युमिनियमच्या चौकटीला थेंबांची रांग लागलेली. गादी उचलली, तर खालची फळी पुसायला घेतलेलं फडकं पिळून पाणी निघालं. चौथ्या दिवशी गादीला काळे ठिपके, आठव्या दिवशी सगळ्यांच्या कपड्यांना एकच वास.

उपाय असे केले:

डिझेलवर चालणारा, धूर बाहेर सोडणारा हीटर बसवला. गॅसची शेगडी पेटवून बोट गरम करू नका. तिने ओल आणखी वाढते आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. हीटर कोणताही असो, त्या वायूचा अलार्म झोपायच्या जागेजवळ लावाच.

गाद्यांखाली हवा खेळेल अशी प्लॅस्टिकची जाळी घातली. उघड्या पत्र्याला आणि चौकटींना फोमची पट्टी चिकटवली. आणि सगळ्यात गार रात्रीसुद्धा छतातली एक झडप किंचित उघडी ठेवायला शिकलो. पहिल्यांदा हे वेडेपणाचं वाटतं.

स्वयंपाकाला प्रेशर कुकर न्या. इथल्या लोकांना त्याचं नवल वाटतं, पण हलत्या बोटीत झाकण घट्ट बसणारं भांडं दुसरं नाही, आणि गॅस निम्मा लागतो. फक्त शिट्टी होऊ देताना बोटीच्या छतातली झडप उघडा, नाहीतर एका वरण-भाताची वाफ रात्री थेंब-थेंब परत मिळते. गॅस प्रोपेनचाच घ्या. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचं सोडून देतो, गारठ्यात त्याआधीच मंदावतो. प्रोपेन उणे चाळीसपर्यंत साथ देतो. मात्र परदेशातून बोट आणत असाल तर तुमचा रेग्युलेटर इथल्या सिलेंडरला बसेलच असं नाही.

इंजिनाची डिझेलची टाकी उपसून स्वच्छ करा आणि फिल्टरचे निदान चार जादा नग ठेवा. कारण खाली सातव्या टप्प्यात येईल.

४. अंगावर काय, आणि पाण्यात पडलात तर

सुती कपडे घरी ठेवा. बनियनसुद्धा. सूत एकदा ओलं झालं की अंगातली ऊब ओढून घेत राहतं. आतून लोकरीचे पातळ कपडे, त्यावर जाड लोकर किंवा फ्लीस, सर्वांत वर पाणी-वारा न शिरणारा पोशाख. झोपायचा एक जोड वेगळ्या बंद पिशवीत, आणि काहीही झालं तरी तो घालून डेकवर जायचं नाही.

हातमोजे शिडाच्या दुकानातले घेऊ नका. मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानात कोळी लोक वापरतात ते अस्तर लावलेले रबरी मोजे मिळतात. स्वस्त, बेढब आणि खरंच गरम. दोन जोड घ्या, एक वाळत असतो. गारठलेल्या बोटांनी साधी गाठही मारता येत नाही. हे घरी बसून पटत नाही, म्हणून एकदा बर्फाच्या पाण्यात पाच मिनिटं हात बुडवा आणि मग दोराला फास घालून बघा.

आता पाण्यात पडण्याचं. उत्तरेकडे जूनमध्ये समुद्राचं पाणी दहा अंशांच्या आसपास असतं. पोहता येतं या गोष्टीचा पहिल्या मिनिटात काही उपयोग नसतो. गार पाण्याच्या धक्क्याने माणूस हबकतो, मोठा श्वास आत ओढला जातो, आणि त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर संपलं. श्वास सावरला तरी काही मिनिटांतच हात-पाय ऐकेनासे होतात. माणूस गारठून बेशुद्ध पडायला त्याहून बराच वेळ लागतो, पण तोवर दोर पकडायची ताकद राहिलेली नसते.

म्हणून लाइफ जॅकेट अंगात आणि सुरक्षा पट्टा बोटीला अडकवलेला, धक्का सोडल्यापासून धक्का लागेपर्यंत. ८ मीटरपेक्षा लहान बोटीत तर चालू असताना जॅकेट घालणं कायद्यानेच सक्तीचं आहे. पट्टा इतका आखूड ठेवा की माणूस कठड्याबाहेर जाऊच शकणार नाही. मागची शिडी पाण्यातल्या माणसाला स्वतः खाली ओढता येते का, हे धक्क्याला असताना तपासा. आमची येत नव्हती. आता तिला दोरीचा तुकडा लोंबतोय.

कुणाला बाहेर काढलंच तर शक्यतो आडवं उचला आणि आडवंच ठेवा. ओले कपडे काढा, छाती-पोटाकडून ऊब द्या, हात-पाय चोळू नका, दारू देऊ नका. मदतीसाठी व्हीएचएफचं १६ नंबर चॅनल, फोन लागत असेल तर समुद्री बचावासाठी १२०.

५. खडक, खांब आणि वाट दाखवणारे बाण

नॉर्वेला दोन लाखांहून जास्त बेटं आहेत. त्यामुळेच हा प्रवास शक्य होतो, कारण बहुतेक वाट बेटांच्या आडोशाने जाते. आणि त्यामुळेच तो अवघड होतो, कारण प्रत्येक बेटामागे त्याची पाण्याखालची पिलावळ असते.

इलेक्ट्रॉनिक नकाशावर वाट आखताना नकाशा पूर्ण मोठा करून एकदा सगळ्या वाटेवरून हाताचं बोट फिरवा. नकाशा लहान केला की खडक दिसेनासे होतात, आणि मोकळ्या निळ्या पाण्यावरून तुम्ही सरळ रेघ मारून मोकळे. हा नवख्यांचा क्रमांक एकचा सापळा.

खुणांमध्ये मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे खडकात रोवलेला लोखंडी खांब. त्याच्या डोक्याला आडवा हात असतो आणि तो हात ज्या बाजूला दाखवतो, त्या बाजूने जायचं. काही ठिकाणी असाच हात काळ्या दगडी मनोऱ्यावर असतो, मध्यावर पांढरा पट्टा. धुक्यात तो दिसला की पत्ता सांगणारं माणूस भेटल्यासारखं वाटतं. बंदरात शिरताना लाल खूण डाव्या हाताला, आपल्याकडेही तसंच.

डोलकाठीची पाण्यापासूनची उंची, वरच्या अँटेनासकट, एकदा दोर सोडून स्वतः मोजा आणि सुकाणूजवळ लिहून ठेवा. वाटेत पूल आणि विजेच्या तारा पुष्कळ आहेत. मत्स्यशेतीच्या गोल पिंजऱ्यांपासून २० मीटर दूर राहायचं, मासे धरायचे असतील तर १०० मीटर.

६. भरती-ओहोटी हळूहळू मोठी होते

उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (लहान भरती-ओहोटी) हे शब्द मला अक्षरांआधी माहीत. तरीही फसलो, ते असं.

नॉर्वेच्या नैर्ऋत्य टोकाला पाणी जेमतेम अर्धा मीटर चढतं-उतरतं. बर्गनला मीटरभर. रोज थोडं थोडं उत्तरेला जाताना हा आकडा नकळत वाढत जातो आणि लोफोटेनला दोन-अडीच मीटर सहज होतो. दक्षिणेत लागलेली बेफिकिरी आम्ही तशीच वर घेऊन आलो. एका छोट्या कोळी बंदरात भरतीला पोचलो, लाकडी स्थिर धक्क्याला चार दोर घट्ट बांधले आणि झोपलो. पहाटे तीनला बोट कण्हल्यासारखा आवाज आला. बाहेर येतो तर धक्का डोक्याच्या वर, बोट एका बाजूला कललेली, आणि मागचा दोर तारेसारखा ताठ. गाठ सुटायचा प्रश्नच नव्हता. सुरीने कापला.

तरंगता धक्का मिळाला तर तोच घ्या, बहुतेक पाहुण्यांच्या बंदरांत असतो. स्थिर धक्का असेल तर दोर लांब ठेवा, पुढचा बराच पुढे आणि मागचा बराच मागे नेऊन बांधा, आणि शिडी कुठे आहे ते बघून ठेवा.

बोडोजवळचा साल्टस्ट्राउमेन हा जगातल्या सर्वांत वेगवान भरती-प्रवाहांपैकी एक. जेमतेम १५० मीटर रुंदीच्या गळ्यातून पाणी भोवरे करत धावतं. तो पुलावरून बघा, बसने जाऊन.

७. उघडे टप्पे: स्टाड, हुस्टाविका, फोल्डा, वेस्टफ्योर्ड

बेटांची भिंत चार ठिकाणी तुटते आणि अटलांटिकची लाट थेट अंगावर येते. या चार टप्प्यांसाठीच तुमची सगळी तयारी.

स्टाड सर्वांत बदनाम. सुमारे ५०० मीटर उंचीचं पठार सरळ समुद्रात घुसलेलं आहे. पश्चिमेची लाट कड्यावर आदळून उलटते, मागून येणाऱ्या लाटेला भेटते, आणि पाणी कढईतल्या उकळीसारखं कुठूनही उसळतं. जहाजांसाठी इथे डोंगरातून बोगदा खणायची योजना वर्षानुवर्षे चर्चेत आहे, यावरून काय ते समजा.

पहिल्या वर्षी आम्ही अलीकडे मोलोय बंदरात तीन दिवस अडकलो. चौथ्या दिवशी वारा पडला. रजेतले दिवस बोटांवर मोजून झाले होते. शेजारच्या बोटीवरचे एक म्हातारे खलाशी कॉफीचा मग घेऊन बाहेर आले, आम्ही दोर सोडतोय बघून म्हणाले, "वारा गेलाय. समुद्र अजून गेलेला नाही." आम्ही हसून हात हलवला.

टोकाजवळ पोचलो तेव्हा वारा खरंच नव्हता. म्हणजे बोटीला आधार द्यायला शिडात काहीच नव्हतं आणि लाटा मात्र तीन दिवसांच्या वाऱ्याने वाढलेल्या. परबाण, म्हणजे शिडाचं आडवं लाकूड, इकडून तिकडे आपटत होतं. आतल्या कपाटाचं दार उघडून पोह्यांचा डबा फुटला, तेलाची बाटली त्यात. बायको ओकारीची बादली धरून बसलेली आणि तेवढ्यात इंजिन खोकलं. टाकीच्या तळाला वर्षानुवर्षे बसलेला गाळ लाटांनी घुसळून फिल्टरमध्ये आणला होता. सहकाऱ्याने त्या हिंदकळण्यात फिल्टर बदलला, वीस मिनिटं लागली. आम्ही वळून मोलोयला परत आलो. म्हातारे धक्क्यावर दोर धरायला उभे होते, काही बोलले नाहीत.

हा प्रकार फक्त लहान बोटींचा नाही. मार्च २०१९मध्ये हुस्टाविकात तेराशेहून जास्त माणसं असलेल्या प्रवासी जहाजाची इंजिनं वादळात बंद पडली. टाक्यांत वंगण तेल कमी होतं, जहाज हेलकावलं तेव्हा पंपांना ते मिळेना. पावणेपाचशेच्या वर माणसं हेलिकॉप्टरने उचलावी लागली.

तेव्हा या टप्प्यांसाठी माझे नियम:

- नॉर्वेच्या हवामान संस्थेचं 'यर' रोज दोनदा बघा. लाटांसाठी 'बॅरेंट्सवॉच'वर याच उघड्या टप्प्यांचा अंदाज वेगळा मिळतो. फक्त वाऱ्याचा आकडा बघून निघू नका.
- मोठा वारा पडल्यावर आणखी एक दिवस थांबा.
- वाऱ्याविरुद्ध ओहोटीचा प्रवाह असेल ती वेळ टाळा.
- आदल्या रात्री नीट झोप, सकाळी कोरडं खाणं. कपाटांना कड्या, सगळं बांधलेलं.
- परत फिरायची जागा आणि वेळ निघण्यापूर्वी ठरवून वहीत लिहा.

आपल्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत कुणी त्यांना हात लावत नाही. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मी त्याच गावचा, पण मला मोलोयात तीन दिवस निघत नव्हते.

दुसऱ्या वर्षी आम्ही सेल्येला दोन दिवस थांबलो, तिथल्या बेटावरचा जुना मठ बघितला, आणि तिसऱ्या दिवशी स्टाड असं पार केलं की चहा सांडला नाही.

८. नांगर

इथले फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या, काठापर्यंत खोल असतात. किनाऱ्यापासून दगड मारण्याच्या अंतरावर साठ मीटर पाणी, हे रोजचं. त्यामुळे नांगराला लांब दोर-साखळी हवी, आणि बऱ्याचदा मागून एक दोर काठावरच्या खडकाला बांधावा लागतो. काही खडकांत त्यासाठी लोखंडी कड्या ठोकलेल्या आहेत. तळाला समुद्री शेवाळाचं रान असेल तर नांगर त्यावर घसरतो. लागला असं वाटलं तरी इंजिन उलटं जोरात चालवून खात्री करा.

उंच डोंगराच्या पोटाशी अगदी शांत दिसणारी जागा मोहात पाडते. वर वारा असेल तर तोच डोंगर उतरून झटक्यांनी खाली कोसळतो, आपल्या मतलईसारखा सौम्य नव्हे. अशा रात्री थोडी उघडी पण सपाट काठाची जागा बरी.

९. मावळत नसलेला सूर्य

ध्रुववृत्त ओलांडून बोडोपर्यंत आलं की जवळजवळ जूनभर आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सूर्य बुडतच नाही. रात्री अकराला ऊन आहे, वारा बरा आहे, अजून एक बंदर पुढे जाऊ. असं करत करत आम्ही एकदा एकोणीस तास चाललो आणि दुसऱ्या दिवशी हातातला नकाशा उलटा धरून वाचत होतो. घड्याळ लावून झोपा. डोळ्यांवर पट्टी आणि खिडक्यांना काळं कापड घरूनच आणा.

वेस्टफ्योर्ड याच टप्प्यावर येतो. बोडोहून लोफोटेनला जायचा तो एक लांब दिवस आहे, अंधाराची भीती नसल्यामुळे चांगल्या हवेची वेळ मध्यरात्री आली तरी निघता येतं. आम्ही पहाटे एकला निघालो. आधी क्षितिजावर दातेरी करवतीसारखं काहीतरी दिसलं, मग तीन-चार तास ते जागचं हलेना. हेनिंग्सवेरच्या बाहेर सहकाऱ्याने गळ टाकून दोन कॉड काढले. बायकोने कोकम आणि त्रिफळं घरून आणली होती. छतातली झडप उघडून कुकर लावला.

१०. बोट तिथेच ठेवून येताना

पाण्याच्या टाक्या, नळ्या, पंप आणि संडास पूर्ण रिकामे करा, इंजिनाच्या समुद्राच्या पाण्याच्या वाटेत अँटीफ्रीझ फिरवा. डिझेलची टाकी काठोकाठ भरा म्हणजे आत वाफ धरायला जागा उरत नाही. गॅस बंद करून सिलेंडर काढा. शिडं वाळवून घरी न्या. गाद्या कडेवर उभ्या करा, सगळी कपाटं उघडी टाका. आणि तांदळाची, पोह्यांची एकही पिशवी मागे ठेवू नका. आम्ही अर्धा किलो भाजणी विसरलो होतो. मे महिन्यात डबा उघडला तो धक्क्यावर नेऊनच.